निंबोळीचा फॉर्म्युला अन् लपवलेली गोष्ट

मावसभाऊ लातूरकडचा, तुरीवरच्या शेंगअळीसाठी त्यानं निंबोळीचं एक औषध बनवलंय, आता पेटंट टाकायचंय म्हणून परवा कागदं घेऊन घरी आला. वाचून पाहिलं तर सगळं लिहिलंय, पण अर्क पानाला धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक किती अन् कधी घालायचा तेवढंच गाळलंय. म्हणला, "दादा, ते सांगितलं तर राहिलं काय माझ्याकडं?"

मला त्याचं दुखणं कळतं, चार वर्षं राबलाय पोरगा. पण 1970 च्या पेटंट कायद्यातलं कलम 10 सरळ सांगतं की तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली पद्धत लिहायचीच. अन् लपवली तर मिळालेलं पेटंट पण रद्द होऊ शकतं. निंबोळी कुठली, कोणत्या भागातली तेही लिहावं लागतं. परदेशात पण अर्ज केला तर फॉर्म 3 भरून त्याची माहिती द्यायची, ते वेगळंच.

अन् नुसता 5 टक्के निंबोळी अर्क तर आपल्याकडं सगळेच फवारतात, ते जुनंच आहे, त्यावर हक्क सांगता येत नाही. कडुलिंबाच्या तेलाचं एक युरोपातलं पेटंट याच कारणानं 2000 मध्ये रद्द झालं, 2005 ला अपिलातही टिकलं नाही. त्याचं नवीन काय तर तो डिंकच, अन् नेमका तोच कागदावर नाही!

रात्री अकरापर्यंत बसलो, लिटरला किती ग्राम ते त्यानं शेवटी स्वतःच्या हातानं लिहिलं.