फाइल कुठल्या कौंटीत?

फेब्रुवारी संपत आला की मध्य इलिनॉयमधल्या आमच्या छोट्याशा टॅक्सच्या ऑफिसात बसायला खुर्ची मिळत नाही. शेतकऱ्याने 1 मार्चपर्यंत रिटर्न आणि सगळा कर भरला, तर वर्षभर आगाऊ कर न भरल्याचा दंड लागत नाही. त्यामुळे सगळे त्याच आठवड्यात उगवतात, बुटांच्या चिखलासकट. 2016 साली त्या गर्दीत दोन सख्खे भाऊ आले.

थोरल्याच्या कागदांत सरकारी मदतीचा 1099-जी, म्हणजे मदत किती मिळाली ते सांगणारा फॉर्म, होता, आकडा चांगला घसघशीत. धाकट्याकडे तो कागदच नव्हता. दोघांची शेतं एकमेकांना लागून, माती तीच, पाऊस तोच, बियाणंसुद्धा एकाच दुकानातलं. "याला मिळाले आणि मला दमडी नाही. असं कसं?" धाकट्याने टोपी काढून टेबलावर आपटली.

2014 च्या अमेरिकी कृषी कायद्याने थेट अनुदान बंद केलं आणि मुख्यतः दोन योजना पुढे ठेवल्या. एक भावावर चालणारी, दुसरी कौंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, सरासरी उत्पन्नावर. मक्याची संदर्भ किंमत, म्हणजे भाव जिच्याखाली गेला तरच मदत मिळते ती, बुशेलला (हे इथलं धान्याचं माप) 3.70 डॉलर होती आणि मदत ज्या पिकाची होती त्या 2014 च्या हंगामाचा सरासरी भावही नेमका 3.70 निघाला. म्हणजे भावाच्या योजनेत मक्याला काहीच नाही. पण बहुतेक मकावाल्यांप्रमाणे या दोघांनीही दुसरी योजना निवडली होती, आणि ती निवड 2018 पर्यंत बदलता येत नव्हती.

मी कागद ओढून हिशेब मांडला. मागच्या पाच वर्षांवरून धरलेला भाव 5.29 डॉलर. समजा कौंटीचा आधीचा उतारा एकरी 165 बुशेल. भाव गुणिले उतारा, त्या उत्पन्नाच्या 86 टक्के म्हणजे सुमारे 750 डॉलरची हमी. 2014 ला कौंटीत सरासरी 180 बुशेल पिकले तर 3.70 च्या भावाने उत्पन्न 666 डॉलर, हमीपर्यंतची तूट सरकार देणार. 210 पिकले तर 777, मग काही नाही. तुमच्या स्वतःच्या शेतात किती पिकलं, हे कुणी विचारतच नाही. पेरलं काय, हेही नाही. थोरल्याने त्या वर्षी अर्ध्या रानात सोयाबीन केलं होतं, तरी पैसे आले मक्याचे, कारण जुन्या नोंदीतल्या मक्याच्या एकरांपैकी 85 टक्क्यांवर ते मिळतात.

आपल्याकडे पीकविम्यात महसूल मंडळाची सरासरी धरतात, तसलाच प्रकार. माझ्या मराठवाड्यातल्या काकांना हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

पण दोघांची जमीन तर एकाच कौंटीत होती! शेवटी धाकट्याच्या फार्म नंबरपाशी, म्हणजे कृषी कार्यालयातल्या शेताच्या नोंदणी क्रमांकापाशी, उलगडा झाला. त्याचं शेत कधीकाळी सासऱ्याच्या जमिनीला जोडलेलं, आणि त्या सगळ्याचं रेकॉर्ड शेजारच्या कौंटीच्या कृषी कार्यालयात. तेव्हाच्या नियमात जमीन कुठे आहे यापेक्षा फाइल कुठे आहे ते महत्त्वाचं. शेजारी विक्रमी पीक आलं होतं, म्हणून याच्या वाट्याला शून्य. (पुढे 2018 च्या कायद्याने जमिनीची खरी जागा धरायला सुरुवात केली.)

धाकटा बराच वेळ त्या फार्म नंबरकडे बघत राहिला. "म्हणजे सासऱ्याने मला बुडवलं," तो म्हणाला. थोरल्याने विषय बदलला, "या मदतीवर टॅक्स लागतो का हो?"

"पूर्ण लागतो. शेड्यूल एफ, तो शेतीच्या उत्पन्नाचा फॉर्म, चौथी ओळ."

धाकटा सकाळपासून पहिल्यांदा हसला.