आमची वाटचाल: प्लॉटच्या हद्दीपासून शर्यतीच्या अंतरापर्यंत

आमची फर्म मूळची जमीन मोजणीची. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या शेड, गंगापूर रोडचे लेआउट, 2015 च्या सिंहस्थाआधीची रस्त्यांची कामं, यावर आमचं बस्तान बसलं. शर्यतीचे मार्ग मोजायचं काम एका आयोजकामुळे आलं. त्यांच्या हाफ मॅरेथॉनमध्ये प्रत्येकाचं घड्याळ वेगळं अंतर दाखवत होतं. आम्ही टोटल स्टेशन (जमीन मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) काढायला लागलो, तेव्हा कळलं की या कामाचं मान्य साधन साधी सायकल आहे. मग एका मान्यताप्राप्त मापकांच्या हाताखाली शिकलो. आजही मोजणी आमची माणसं करतात ती त्यांच्या देखरेखीखाली, आणि अहवालावर सही त्यांचीच असते.

पद्धत वरकरणी सोपी दिसते. पोलादी टेपने किमान 300 मीटरचा सरळ पट्टा आखायचा. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचं फिरणं अंकांत मोजणारं छोटं यंत्र, लावून त्यावर चार वेळा सायकल चालवायची आणि किलोमीटरला किती अंक पडतात, म्हणजे स्थिरांक, काढायचा. मग वळणांवर कडेपासून 30 सेंटिमीटर ठेवून, धावपटू धरू शकेल त्या सर्वांत जवळच्या वाटेने मार्ग मोजायचा. लगेच परत येऊन पट्ट्यावर पुन्हा चार फेऱ्या. टेपसुद्धा 20 अंशांनाच बरोबर असते. 40 अंशांच्या उन्हात 300 मीटरला जवळजवळ 7 सेंटिमीटर फरक पडतो, तो हिशेबात धरावा लागतो. शेवटी दर किलोमीटरला 1 मीटर जास्त धरायचा, म्हणजे मार्ग कमी भरणार नाही.

वाद झाला तो स्थिरांकावरून. पहाटे टायर गार असतो, उन्हं चढली की फुगतो, आणि किलोमीटरला अंक कमी पडतात. मग दिवसाचा स्थिरांक कोणता धरायचा? आम्ही सुरुवातीपासून दोहोंतला मोठा धरत होतो, म्हणजे मार्ग भरला तर थोडा लांबच भरतो. माझ्या भागीदाराचं म्हणणं पडलं की आता सरासरी धरू. ‘अरे, मार्ग मोजला तो मधल्या वेळेत. मधला आकडा खऱ्याच्या जवळ. शिवाय किलोमीटरमागे मीटर जास्त धरतोच ना?’ त्याचा युक्तिवाद पोकळ नव्हता. मापकांमध्येही हा जुना वाद आहे.

मी मात्र अडून राहिलो. किलोमीटरला 11,000 च्या आसपास अंक पडतात. सकाळ-दुपारचा फरक 5 अंकांचा धरला, तर हाफ मॅरेथॉनला साडेनऊ मीटर. सरासरी घेतली की त्यातले निम्मे जातात. किलोमीटरमागे एक मीटर असे जास्त धरलेले 21 मीटर आहेत ते सायकलस्वाराच्या हातून होणाऱ्या चुकांसाठी. जो फरक आपल्याला आधीच माहीत आहे, तो त्यात का खपवायचा? 1981 च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझारने विश्वविक्रमी वेळ दिली होती. नंतर मोजणी झाली तेव्हा मार्ग सुमारे 150 मीटर कमी भरला, आणि त्याचा विक्रम गेला. मार्ग पाच मीटर लांब भरला तर धावपटूचा एखादा सेकंद जातो, कमी भरला तर सगळी मेहनतच मोजली जात नाही. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ कविता राऊतचा हा जिल्हा आहे. पेठ-त्र्यंबकच्या पाड्यांवरून येणाऱ्या पोरी अशा शर्यतींतल्या वेळेवर पुढची निवड गाठू पाहतात. त्यांच्यासाठी हा आकडा फार मोठा आहे.

महिनाभर आमच्यात नीट बोलणं नव्हतं. अखेर ठरलं ते असं: अहवालात दोन्ही स्थिरांक आणि दोन्ही वेळचं तापमान लिहायचं, आखणी मात्र मोठ्या स्थिरांकावर. भागीदाराने मला एक गोष्ट पटवली, ती मी आनंदाने घेतली. पट्ट्यावरच्या आधीच्या आणि नंतरच्या फेऱ्यांमध्ये ऊन फार वाढत असेल तर मार्गाचे दोन तुकडे करायचे आणि दर तुकड्यानंतर पट्ट्यावर परत यायचं. खर्च वाढला, पण फरकच कमी झाला.

आता पुढचा पेच रस्त्यांचा आहे. मोजलेल्या मार्गाच्या अंतराचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, पण मार्ग तोच राहिला तर. 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकचे रस्ते बदलत आहेत. दुभाजक सरकला की सर्वांत जवळची वाटही बदलते. एका आयोजकांनी ‘पाच वर्षं झाली कुठे?’ म्हणून फेरमोजणीला नकार दिला. ते काम आम्ही सोडलं. सध्या प्रत्येक करारात कलम घालतो: शर्यतीच्या आधी मार्ग पायी पाहायचा, दुभाजक, वळण किंवा प्रारंभरेषा हललेली आढळली तर तेवढा भाग पुन्हा मोजायचा, आणि त्याचा खर्च आधीच ठरवून घ्यायचा.