भरलेल्या विमानात अंतर कुठे राखता येते : महासाथीच्या काळातील एका प्रवासाचा वृत्तांत

२०२१ च्या मध्यावर, कोरोनाची महासाथ चालू असताना, कुटुंबातील एका गंभीर आजारपणामुळे मला टाळता न येणारा विमानप्रवास करावा लागला. सोबत सत्तरी ओलांडलेली आई होती. प्रवास दोन टप्प्यांचा होता. पहिला टप्पा एकच मार्गिका असलेल्या लहान विमानाचा आणि थोड्या अंतराचा, तर दुसरा मोठ्या विमानाचा आणि रात्रभराचा होता. दोहोंच्या मध्ये विमानतळावर बराच वेळ काढायचा होता. दोन्ही विमाने जवळजवळ भरलेली होती. आईच्या लशीच्या दोन्ही मात्रा पूर्ण झाल्या होत्या, तरीही तिच्या वयाचा विचार करता कोणताही धोका पत्करण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून निघण्यापूर्वी मिळेल तेवढी माहिती मी वाचून काढली. त्या वाचनातून जे हाती लागले ते प्रवासात पदोपदी पटत गेले: आसनावर बसल्यावर अंतर आपल्या हाती राहत नाही, त्यामुळे ते आसनापर्यंत पोहोचेपर्यंत आणि तेथून उठल्यावर बाहेर पडेपर्यंत राखावे लागते.

याचे कारण साध्या मोजमापात आहे. सर्वसाधारण वर्गातील आसनाची रुंदी ४३ ते ४६ सेंटिमीटर असते आणि एका रांगेपासून पुढच्या रांगेपर्यंतचे अंतर साधारण ७१ ते ७९ सेंटिमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने किमान १ मीटर अंतर सुचवले होते, तर अनेक देशांनी दीड किंवा दोन मीटरचा नियम केला होता. मधले आसन रिकामे ठेवले तरी खिडकीजवळच्या आणि मार्गिकेलगतच्या प्रवाशांमध्ये जेमतेम ९० सेंटिमीटरचे अंतर पडते, आणि पुढच्या व मागच्या रांगेतील माणसे तर त्याहूनही जवळ असतात. दोन मीटरचा नियम विमानात शब्दशः पाळायचा झाला तर बहुतेक आसने रिकामी ठेवूनच उड्डाण करावे लागेल.

मधले आसन रिकामे ठेवण्याचा वाद २०२० मध्ये बराच रंगला. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजेच आयाटाने, मे २०२० मध्ये या उपायाला स्पष्ट विरोध केला. मधली आसने रिकामी ठेवल्यास विमान जास्तीत जास्त ६२ टक्के भरेल आणि खर्च भरून निघण्यासाठी तर सरासरी ७७ टक्के भरावे लागते, असा तिचा हिशेब होता. तरीही काही कंपन्यांनी तो उपाय स्वतःहून अमलात आणला. अमेरिकेतील डेल्टा कंपनीने तर तो ३० एप्रिल २०२१ पर्यंत चालू ठेवला. काही ठिकाणी मधल्या आसनावरील प्रवाशाला अंगभर झगा आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल देण्यात येत असे. योगायोग असा की, डेल्टाचा निर्णय संपण्याच्या थोडेच आधी, एप्रिल २०२१ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रयोगशाळेतील मोजमापांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधले आसन रिकामे असल्यास विषाणूशी येणारा संपर्क २३ ते ५७ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यात मास्कचा परिणाम धरलेला नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण अंतराला काहीच अर्थ नाही असे म्हणणाऱ्यांना तो पुरेसे उत्तर देतो, असे माझे मत आहे. आता ही सवलत जवळपास सर्वत्र संपली आहे, त्यामुळे तिकीट काढतानाच विमान भरलेले असेल असे गृहीत धरावे.

आसने निवडताना आम्ही आईसाठी खिडकीजवळचे आसन घेतले आणि तिच्या शेजारचे मधले आसन मी घेतले. एकाच घरातील दोघे प्रवास करत असतील तर याहून चांगली मांडणी नाही, कारण जपायच्या व्यक्तीच्या एका बाजूला विमानाची भिंत येते आणि दुसऱ्या बाजूला आपण. खिडकीच्या आसनाचा फायदा महासाथीच्या आधीच नोंदला गेला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात संशोधकांनी विमानात बसून प्रवाशांच्या हालचाली टिपल्या होत्या. मार्गिकेलगत बसलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के प्रवासी प्रवासात एकदा तरी उठले, तर खिडकीजवळचे केवळ ४३ टक्के. साहजिकच खिडकीजवळच्या प्रवाशांचा इतरांशी जवळचा संपर्कही कितीतरी कमी आला.

विमानतळावर जमिनीवरच्या खुणा अजून होत्या, मात्र त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. चेक-इन घरूनच केले होते आणि सामान एवढेच घेतले होते की ते जमा करण्याच्या रांगेत उभे राहावे लागू नये. सुरक्षा तपासणीची रांग मात्र टळत नाही. पट्टे, फोन, नाणी हे सगळे रांगेत लागण्यापूर्वीच हातपिशवीत टाकून ठेवले, तर ट्रेपाशी माणसे एकमेकांवर रेलतात तो वेळ पुष्कळ वाचतो. मागची व्यक्ती फारच जवळ येऊ लागली तेव्हा मी चाकांची बॅग पुढे न ठेवता स्वतःच्या मागे ओढत धरली. एक शब्दही न बोलता तेवढे अंतर आपोआप राखले गेले.

गेटपाशी गर्दी ज्या खुर्च्यांवर असते तेथे बसण्याचे काहीच कारण नसते. आम्ही शेजारच्या, त्या वेळी उड्डाण नसलेल्या गेटसमोर बसलो. तेथूनही फलक दिसत होता आणि घोषणा ऐकू येत होत्या. शेवटच्या रांगांपासून पुढे बोलावण्याची पद्धत तेथे होती. ऐकायला ती शहाणपणाची वाटते, कारण बसलेल्यांच्या जवळून कोणाला जावे लागत नाही. प्रत्यक्षात मागच्या चार-पाच रांगांतील सगळे प्रवासी एकाच वेळी, एकाच जागी, डोक्यावरच्या कप्प्यांत सामान ठेवण्यासाठी खोळंबतात आणि त्यांच्या मागची रांग मार्गिकेत दाटीने थांबून राहते. संगणकावरील प्रतिकृतींच्या आधारे केलेल्या एका अभ्यासानेही २०२१ मध्ये हाच आक्षेप नोंदवला. उपाय आपल्या हाती आहे: आपल्या रांगांची घोषणा झाली तरी उठू नये. कप्प्यात जागा मिळणार नाही या भीतीने बहुतेक जण धावतात. आसनाखाली मावेल अशी एकच पिशवी जवळ असेल तर ती भीती उरत नाही. आम्ही जवळजवळ शेवटी आत गेलो. एरोब्रिज, म्हणजे गेटपासून विमानाच्या दारापर्यंतचा बंदिस्त बोळ, पूर्ण रिकामा होता.

पहिल्या टप्प्याच्या शेवटी मात्र एरोब्रिज नव्हता, बस होती. साऱ्या प्रवासात सर्वांत जास्त धोका मला तेथे वाटला. विमानातील आसनांवर निदान प्रत्येकाला ठरलेली जागा असते. बसमध्ये दांडा धरून उभी राहिलेली माणसे समोरासमोर येतात आणि बस सुटेपर्यंत दारे उघडी असली तरी मधल्या भागात हवा खेळत नाही. पहिली बस भरू लागली तेव्हा मी तेथील कर्मचाऱ्याला विचारले की आम्ही दुसऱ्या बसने आलो तर चालेल का. त्याने लगेच होकार दिला. दुसरी बस अर्धी रिकामी होती, आणि दाराजवळ उभे राहता आले.

आता हवेविषयी, कारण अंतराची उणीव विमानात काही अंशी हवाच भरून काढते. मोठ्या प्रवासी विमानांत हवा छतालगतच्या झरोक्यांतून आत येते आणि त्याच रांगेच्या पायाशी असलेल्या जाळ्यांतून बाहेर खेचली जाते, त्यामुळे ती लांबवर पुढे-मागे कमी वाहते. तिच्यातील सुमारे निम्मी हवा बाहेरून घेतलेली असते आणि उरलेली हेपा गाळणीतून जाते, जी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते. दर दोन-तीन मिनिटांनी आतली हवा बदलते. अमेरिकी संरक्षण खात्याने बोइंग ७६७ आणि ७७७ या विमानांत कण सोडून केलेल्या चाचण्यांचे, ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही आश्वासक होते. मात्र त्या चाचण्यांत श्वास सोडणारा पुतळा समोर तोंड करून स्थिर बसलेला होता. खरा प्रवासी शेजाऱ्याकडे वळून बोलतो, खातो, शिंकतो, उठून मागच्या रांगेतील ओळखीच्या माणसाशी गप्पा मारतो. शिवाय सर्वच लहान आणि जुन्या विमानांत हेपा गाळण्या नसतात. विमान जमिनीवर उभे असताना हवेचा पुरवठा कमी किंवा बंद असू शकतो, हेही विसरता कामा नये. दुसऱ्या टप्प्यात दारे बंद झाल्यावर आम्ही बराच वेळ धावपट्टीकडे न जाता थांबलो होतो आणि डोक्यावरच्या तोटीला हात लावला तर हवा जाणवत नव्हती. त्या वेळी आईला मी मास्क किंचितही न सरकवण्यास सांगितले आणि कर्मचाऱ्यांपैकी एकीला हवा सुरू करता येईल का, असे विचारले. काही वेळाने ती सुरू झाली. विचारायला संकोच करू नये.

डोक्यावरची ती फिरती तोटी बंद ठेवण्याची सवय अनेकांना असते, कारण थंडी वाजते. ती उघडी ठेवावी आणि झोत आपल्या चेहऱ्यासमोरून सरळ खाली मांडीवर पडेल असा वळवावा. आईच्या अंगावर शाल दिली, पण तोटी बंद केली नाही.

हवा कितीही चांगली असली तरी विमानात संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत. १ मार्च २०२० रोजी लंडनहून हनोईला गेलेल्या सुमारे दहा तासांच्या उड्डाणात लक्षणे असलेल्या एका प्रवासी महिलेपासून १५ जणांना लागण झाल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला, आणि त्यांपैकी १२ जण तिच्याच बिझनेस वर्गात होते. तेव्हा मास्कची सक्ती नव्हती. म्हणजे ऐसपैस आसनांनी, दोन आसनांमधल्या मोठ्या अंतराने, त्यांना वाचवले नाही. दुसरे उदाहरण ३१ मार्च २०२० रोजी इटलीतील मिलानहून दक्षिण कोरियात नागरिकांना परत आणणाऱ्या विमानाचे आहे. त्यात बाधित झालेल्या एका महिलेने एन-९५ मास्क घातला होता आणि तो स्वच्छतागृहात असतानाच काढला होता. तेच स्वच्छतागृह लक्षणे नसलेल्या एका बाधित प्रवाशानेही वापरले होते. ही दोन उदाहरणे वाचल्यापासून मी अंतरापेक्षा मास्क कधी उतरतो याकडेच अधिक लक्ष देऊ लागले.

मास्क सर्वांचा एकदम उतरतो तो जेवणाच्या वेळी. रात्रीच्या विमानात ट्रे आले आणि पाहता पाहता सगळ्या रांगा उघड्या तोंडांनी भरल्या. आम्ही ट्रे समोर ठेवून घेतले, पण झाकण उघडले नाही. मार्गिकेलगतच्या सहप्रवाशाला मी सौम्यपणे सांगितले, “तुम्ही आधी जेवून घ्या, आम्ही नंतर जेवतो.” त्याला कारण समजले असावे, जेवण होताच त्याने मास्क नीट लावला, आणि मग आईने व मी एकामागून एक खाल्ले. अन्न थोडे गार झाले, एवढेच. पाणीही नळीने, मास्कची कडा किंचित उचलून पिता येते. श्वास सोडण्याची झडप असलेला एन-९५ मास्क मात्र घेऊ नये: तो बाहेर जाणारी हवा गाळत नाही, आणि अनेक कंपन्या तेव्हा तो चालवूनही घेत नसत.

स्वच्छतागृहाचा उपयोग शक्यतो विमान चढण्यापूर्वीच करून घ्यावा. लांबच्या उड्डाणात ते पुरत नाही, म्हणून आम्ही जेवणानंतरची रांग ओसरून दिवे मंद होईपर्यंत थांबलो. आधीची व्यक्ती बाहेर आल्यावर लगेच आत न जाता थोडे थांबावे, आत मास्क अजिबात उतरवू नये, झाकण लावून मगच पाणी सोडावे. आईला हे सगळे आधी दोनदा समजावून सांगितले होते, कारण आत तिच्यासोबत मी नसणार होते.

मागे दोन-तीन रांगांत काही आसने रिकामी होती आणि उड्डाणानंतर तेथे बसता येईल का, असे मी विचारले. अशा वेळी परस्पर उठून जागा बदलू नये. लहान विमानात वजनाचा समतोल हे त्याचे एक कारण आहे. दुसरे महत्त्वाचे कारण असे की, नंतर कोणी बाधित निघाल्यास आसन क्रमांकावरूनच संपर्कात आलेल्यांचा शोध तेव्हा घेतला जात असे. आम्हाला परवानगी मिळाली नाही, कारण ती आसने आजारी पडणाऱ्या प्रवाशाला वेगळे बसवण्यासाठी राखलेली होती. हे कारण मला पूर्ण पटले.

विमान थांबले, पट्ट्यांचा दिवा विझला आणि क्षणात मार्गिका भरली. रांगेनुसार उतरावे अशी घोषणा चालू असतानाच लोक वाकून, मान तिरकी करून कप्प्यांखाली उभे होते. विमान थांबल्यावर हवेचा प्रवाह कमी होण्याची शक्यता असते आणि नेमकी तेव्हाच गर्दी सर्वांत दाट होते. आम्ही बसून राहिलो. मार्गिकेलगतच्या प्रवाशाला जाऊ दिले, मागच्या सर्व रांगा जाऊ दिल्या. पुढच्या विमानाची घाई असेल तर हे जमणार नाही, म्हणून दोन टप्प्यांमध्ये भरपूर वेळ ठेवूनच तिकीट काढावे. थोडक्या वेळात विमान बदलणाऱ्याला अंतर राखण्याची संधीच मिळत नाही. सामान जमा केले असेल तर त्याच्या पट्ट्यापाशीही तेच: बॅग दिसेपर्यंत मागे भिंतीशी उभे राहावे.

पोहोचल्यावर बोर्डिंग पास टाकून देऊ नयेत. त्यांवर आसन क्रमांक असतो आणि आरोग्य विभागाकडून दूरध्वनी आल्यास तेव्हा तोच प्रथम विचारला जात असे. संसर्गाची लक्षणे दिसायला १४ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, तेव्हा निदान तेवढे दिवस ते जपून ठेवावेत. प्रवासानंतर तीन ते पाच दिवसांनी चाचणी करून घ्यावी. पोहोचल्याच्या दिवशी केलेली चाचणी विमानात झालेला संसर्ग दाखवू शकत नाही. आम्ही आजारी माणसाला भेटायला गेलो होतो, म्हणून ती चाचणी होईपर्यंत आम्ही दोघी वेगळ्या खोलीत राहिलो आणि त्याच्याशी दारातूनच, मास्क लावून बोललो.