हर्णै ते हॅम्बुर्ग: सोडे गेले, हापूस राहिला

२०२५च्या मे अखेरीस आम्ही दोघे नवरा-बायको मुलाकडे जर्मनीत हॅम्बुर्गला गेलो आणि गणपतीच्या आधी परत आलो. तेव्हापासून हर्णैला, आमच्या कोकणातल्या मासळी-बंदराच्या गावात, कुणाचा मुलगा जर्मनीला, कुणाची सून हॉलंडला असली की विचारणा होते, "काकी, नेमकं काय काय लागतं?" म्हणून एकदाचे लिहूनच काढते. आमच्या बाजूची माणसे आखातात पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. पण ते सल्ले नोकरीवर जाणाऱ्यांचे. साठी उलटलेल्या जोडप्याने युरोपात लेकाकडे राहायला जायचे, त्याची तयारी निराळी.

आधी तारखा. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसकट युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. त्याला "तीन महिने" म्हणू नका, कॅलेंडर घेऊन बोटांवर मोजा. कोकणातल्या माणसाने तर गणेश चतुर्थीपासून उलटे मोजावे. २०२५ला ती २७ ऑगस्टला होती, त्यामुळे परतीची तारीख आम्ही सर्वांत आधी ठरवली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत उरकून टाका. एप्रिल-मे आंब्याचे दिवस, घरात कुणालाच सवड नसते, आणि तिकडे मुंबईत अपॉइंटमेंटलाही गर्दी.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. बायकांनी नावाकडे नीट बघावे. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरे, पासपोर्टवर माहेरचे, असे असेल तर ते महिनोन्‌महिने आधी सरळ करून घ्या.

मुलाने तिकडच्या सरकारी कचेरीत जाऊन आमच्या खर्चाचे हमीपत्र काढले. ते सहा महिन्यांच्या आत वापरावे लागते आणि मूळ प्रतच लागते, म्हणजे कुरिअरचे दिवस धरून चला. व्हिसाची फी माणशी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही. प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान ३० हजार युरोंचा सक्तीचा आहे. पण व्हिसापुरता स्वस्तातला घेऊ नका. आधीपासूनचा बीपी, साखर त्यात धरलीय का, ते वाचून घ्या. आमच्या वयाला खरा प्रश्न तोच असतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतःलाच जावे लागते, पण एकदा दिले की पुढे ५९ महिने चालतात.

आता ज्यावर घरोघरी वाद होतात ते, सामान. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचे काहीच नाही. ताजी फळे, भाज्या, पाने यांना २०१९च्या डिसेंबरपासून रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. त्यामुळे हापूसची पेटी, कढीपत्ता, अळूची पाने, विड्याची पाने सगळे घरीच. दाखल्यातून सुटलेली फळे पाचच: अननस, केळी, खजूर, ड्युरियन (फणसासारखे एक फळ) आणि चक्क नारळ! मात्र सुके खोबरे विमानातच चालत नाही. त्यात तेल फार, ते आपोआप पेट घेऊ शकते म्हणून धोकादायक मालात मोडते. वाटीच काय, खोबऱ्याचा कीससुद्धा मी ठेवला नाही.

आणि मासळी? ती माणशी २० किलोपर्यंत चालते, सुकी धरून. मला हे कुणी सांगितले तेव्हा खरेच वाटेना, म्हणून मुलाला कस्टमची माहिती वाचायला लावली. मग काय, बंदरावरून सोडे (सोललेली सुकी कोळंबी), जवळा (बारीक सुकी कोळंबी), बोंबील घेतले. बोंबील घरीच भाजून, तुकडे करून नेले, कारण तिकडे फ्लॅटच्या बंद स्वयंपाकघरात सुके बोंबील भाजले तर अख्खा जिना जागा होतो. हवाबंद पिशव्या, त्यावर आणखी एक डबा, आणि विचारले तर सरळ सांगायचे. आमसुले, आंबापोळी, कुळथाचे पीठ, भाजलेले काजूगर यांनाही कुणी हरकत घेतली नाही.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. आपल्या तीन पिनांचा प्लग तिकडे बसत नाही, बारीक दोन पिनांचा बसतो. गोळ्या पुरत्या दिवसांच्या न्या आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या. कंपनीचे नाव तिकडे कुणाला कळत नाही. चालायला त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगा, तिचे पैसे पडत नाहीत. आम्ही उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारला, पण ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेणे टप्प्याटप्प्याने सुरू झाले. तेव्हा रांगेला वेळ धरा आणि मुलाचा पत्ता कागदावर लिहून हाताशी ठेवा.

हॅम्बुर्गमध्ये रविवारी दुकाने बंद असतात, शनिवारीच भरून ठेवायचे. रात्री दहानंतर मिक्सर नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, म्हणून रिकाम्या बाटल्या फेकू नका, दुकानातल्या यंत्रात घालून पैसे परत घ्या. बस-रेल्वेत विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड. हे सगळे चार दिवसांत अंगवळणी पडते.

मासळीबाजार मात्र चुकवू नका. एल्बे नदीच्या काठाला रविवारी पहाटे भरतो, उन्हाळ्यात पाचपासून, आणि साडेनऊला संपतो. १७०३पासून चालू आहे म्हणे. विक्रेते ओरडून ओरडून भाव पाडतात. हे अर्ध्या तासात हर्णैच्या लिलावाचे नियम तिथे लावून बघायला लागले, पण मासळीइतकीच तिथे केळी आणि फुलझाडे विकत होती. भाव आपल्याला परवडणारे नाहीत. बघायला जा, आणि शेवटच्या अर्ध्या तासात फळांची टोपली घ्या, तेव्हा स्वस्त देतात.

परतीचे विमान गणपतीच्या आठवड्यात असेल तर मुंबईहून खेडला, म्हणजे आमच्या रेल्वे स्टेशनला, येणे युरोपातून मुंबईला येण्यापेक्षा अवघड. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. तुम्ही तेव्हा परदेशात असाल, ओटीपी इथल्या नंबरवर येईल, म्हणून इथला सिम रोमिंगसह चालू ठेवा. नाहीतर निघण्यापूर्वीच पुतण्याला किंवा भाच्याला दोघांची नावे, वये आणि गाडी लिहून देऊन ठेवा. आम्ही पुतण्याला सांगितले होते. त्याने पनवेलहून बसायची तिकिटे काढली, आणि मोठ्या बॅगांसह दादरपर्यंत जायचे वाचले.