खरं लिहायला भ्यायचं कशाला?

आज आमच्या लॉ कॉलेजच्या लीगल एड क्लिनिकतर्फे वस्तीत अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर बोललो. सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका मावशींच्या प्रश्नावर. नळाच्या गढूळ पाण्याचा फोटो त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. "केस होईल," असं कुणीतरी म्हणालं आणि त्यांनी घाबरून तो डिलीट केला.

अहो मावशी, खरा फोटो टाकून तक्रार करणं हा तुमचा हक्क आहे! संविधानाच्या कलम १९ ने तो दिलाय. त्याला मर्यादा आहेत: बदनामी, गुन्ह्याला चिथावणी, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. सरकारी कामावरची टीका त्या यादीत नाही.

लोक अजून आयटी कायद्याच्या ६६-अ ला, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुरासाठी शिक्षा ठरवणाऱ्या कलमाला, घाबरतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. हे ऐकून मागे बसलेली पोरं एकदम सरसावून बसली. (ही माहिती पोलिसांपर्यंतही तितक्याच नेटाने पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं.)

पुढच्या वेळी लेखी तक्रार कशी करायची आणि पोच कशी घ्यायची, ते शिकवणार आहोत. मावशींनी अर्जाचा कागद आत्ताच मागून घेतलाय.