लग्नपत्रिकांच्या छापखान्यात शूटिंग रेंज : आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. सासऱ्यांनी रामबागेत छापखाना काढला तेव्हा इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांतली पत्रिका आमच्याकडेच छापली जायची. मुंजी, बारशी, गणेशोत्सवाचे कार्यक्रम, सगळं यायचं. पुढे आमंत्रणं व्हॉट्सॲपवर जायला लागली. जे पाचशे छापायचे ते देवापुढे ठेवायला आणि वडीलधाऱ्यांना द्यायला पन्नासच छापून घेऊ लागले. मोठं मशीन विकलं. उरलं एक छोटं ऑफसेट, कटिंग मशीन आणि लांबलचक रिकामा हॉल. नातेवाइकांचे सल्ले दोनच होते: कोचिंग क्लासला भाड्यानं द्या, नाहीतर नमकीनचं गोडाऊन करा.

माझा नवरा कॉलेजात एनसीसीत होता. रायफलचं वेड तेव्हापासूनचं. एका रविवारी त्यानं टेप घेऊन हॉल मोजला आणि म्हणाला, मधली भिंत पाडली तर दहा मीटर सहज निघतात, वर नेमबाजाला उभं राहायला जागा उरते. एअर रायफल आणि एअर पिस्तूल या दोन्ही प्रकारांना दहाच मीटर लागतात. मी हिशेब लिहिणारी बाई, मला आधी परवान्याची काळजी. त्याचं उत्तर सोपं निघालं: नळीचं भोक (बोअर) ०.१७७ इंचाचं आणि ताकद २० ज्यूलच्या आत असलेल्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही. तरी आम्ही ठाण्यात जाऊन लेखी कळवलं, शेजाऱ्यांना बोलावून सगळं दाखवलं. ‘गोळीबार’ या शब्दानं घाबरलेली शेजारची आजी आवाज ऐकून म्हणाली, “एवढाच? आमचा कुकर याहून मोठ्यानं ओरडतो.”

कर्ज मिळायला वेळ लागला. नेमबाजीला कर्ज द्यायचं कुठल्या सदरात, हे एका बँकेला ठरवताच येईना. शेवटी छापखान्याच्या विस्ताराच्या नावावर काम झालं, आणि ते खोटंही नव्हतं, कारण टार्गेट आम्हीच छापतो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्यावर येणारा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचा ठिपका साडेअकरा मिलिमीटरचा. साधा कागद घेतला तर भोक फाटतं आणि कडा कळत नाही, म्हणून जरा जाड, भुसभुशीत कार्ड लागतं. योग्य कार्ड सापडेपर्यंत मशीनवरच्या माणसानं आम्हाला बरंच सुनावलं. टार्गेटवर दीड हजार लक्सचा उजेड, मागे छर्रे अडवून साठवणारे तिरप्या पोलादी पत्र्याचे ट्रॅप, असं करत रेंज उभी राहिली.

सुरुवातीला येत होती ती मुलं. इंदूरला हा खेळ परका नाही. इथून जवळच्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचे विजय कुमार यांनी २०१२ साली लंडन ऑलिम्पिकला रौप्यपदक मिळवलं, आणि ऑलिम्पिक नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर तर आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर मात्र रीघ लागली. मनू भाकर आणि सरबज्योत सिंगनं मिश्र सांघिक एअर पिस्तुलात कोरियाच्या जोडीला १६-१० असं हरवून कांस्य घेतलं, दोनच दिवसांनी कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेचं कांस्य आलं, आणि आमच्याकडे चौकशीचे फोन थांबेनात. तरी मुलांवर रेंज चालत नाही. परीक्षा आल्या की सगळं ओस.

रेंज तगली ती बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईबाबांमुळे. मुलाला सोडायचं आणि तासभर मोबाइल बघत बसायचं, हे रोज चालायचं. मीच एकदा दोघातिघींना म्हटलं, “अहो, आत या, टेकून मारून तर बघा.” पदर खोचून त्या उभ्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचे नवरे आले, बायकोला नेम कसा धरायचा ते शिकवायला.

इथून खरी गंमत सुरू झाली, आणि डोकेदुखीही. नवरा शेजारी उभा राहून “श्वास रोख, आता दाब, आता!” म्हणाला की बायकोचा छर्रा हमखास पाचात. ट्रिगर हा सांगून दाबायचा प्रकारच नव्हे. श्वास निम्मा सोडायचा, नळीच्या टोकाची नेम धरायची माशी स्थिर बघत राहायची, बोट हळूहळू मागे न्यायचं आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसंच थांबायचं. यात दुसऱ्याचा आवाज आला की संपलं. म्हणून आम्ही भिंतीवर नियम छापून लावला: जोडीदाराला शिकवायचं नाही. शिकवतील ते कोच. “गन कुठे बघतेय, तिकडे बघ” एवढं सुरक्षेचं बोललेलं चालतं, बाकी तोंड बंद. दंड म्हणून त्या माणसानं सगळ्यांचे छर्रे ट्रॅपमधून गोळा करायचे. हा दंड बहुतेक वेळा पुरुषांनीच भरलाय, हे मी जरा आनंदानं नोंदवते.

एका निवृत्त प्राध्यापक काकांचे छर्रे सतत डावीकडे जायचे. काकू दोन महिने गप्प बसून बघत होत्या. शेवटी त्यांनी आमच्या कोचला हळूच सांगितलं, “हे घड्याळ बघताना भिंग डाव्याच डोळ्याला लावतात.” कोचनं दोन्ही तळव्यांचं त्रिकोणी छिद्र करून डोळा तपासला. हात उजवा, पण प्रबळ डोळा डावा! रायफल डाव्या खांद्याला आली आणि काकांचा स्कोअर चढला. काकूंना दंड करायचा का यावर बरीच चर्चा झाली. मी माफ केला.

आता जोड्यांची स्पर्धा दर महिन्याला, रविवारी सकाळी. प्रत्येकानं वीस छर्रे मारायचे, दोघांची बेरीज करायची. वरच्या दोन जोड्यांची फायनल ऑलिम्पिकच्या मिश्र सांघिकसारखी: प्रत्येकी एक छर्रा, जोडीची बेरीज ज्यांची जास्त त्यांना दोन गुण, बरोबरी झाली तर एकेक. तिकडे पॅरिसला सोळा गुणांपर्यंत गेले, आमच्याकडे आठच, कारण पोहे गार होतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबलावर टेकून मारायचा वेगळा गट आहे. नियमात ‘जोडी’ म्हटलंय, नवराबायको नाही, म्हणून एकदा व्याही आणि विहीण उतरले आणि दोन्ही घरांना तोंडावर पाडून जिंकून गेले. पोह्यांआधी साबणानं हात धुवायचेच, छर्रे शिशाचे असतात. त्याच कारणासाठी फरशीला झाडू लावत नाही, ओलं पोछा मारतो, आणि साठलेलं शिसं भंगारवाल्याकडे जातं.

बेरजेची पद्धत मला आवडते, कारण त्यात एकमेकांशी भांडायला कारण उरत नाही. नव्या जोड्यांत बायको पुढे निघाली की काही नवरे “लेडीजसाठी हलकी रायफल असेल” म्हणतात. त्यांना मी अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉकची गोष्ट सांगते. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये रायफल तीन पोझिशनला (पडून, गुडघ्यावर आणि उभं राहून मारायचं) स्त्रीपुरुष एकत्र होते. तिची आणि तिच्याच देशाच्या लॅनी बॅशमची गुणसंख्या सारखी झाली, सुवर्ण त्याला मिळालं, पण राष्ट्रगीताच्या वेळी त्यानं तिला वरच्या पायरीवर ओढून घेतलं. आणि १९९२ ला बार्सिलोनात चीनच्या झांग शाननं पुरुषांसकट सगळ्यांना मागे टाकून स्कीटचं (उडत्या चकत्या बंदुकीनं टिपायच्या प्रकाराचं) सुवर्ण घेतलं, तर पुढच्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना स्कीटच नव्हतं! २००० मध्ये सिडनीला त्यांची वेगळी स्पर्धा आली. एवढं ऐकल्यावर रायफलच्या वजनाबद्दल कोणी बोलत नाही.

खंडेनवमीला ऑफसेट मशीन आणि रायफली शेजारीशेजारी ठेवून पूजा होते. सासरे असते तर पहिला प्रश्न विचारला असता, पैसे सुटतात का? सुटतात, पण बेताचे. टार्गेटची छपाई बाहेरच्या शाळांना आणि क्लबांनाही जाते, त्यावर पगार निघतात. रेंजवर वीज, देखभाल आणि कर्जाचा हप्ता. हवेच्या सिलिंडरच्या रायफली महाग, म्हणून नवख्यांना अजून स्प्रिंगवाल्याच देतो.

सध्या घरात वाद इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा आहे. स्क्रीनवर लगेच १०.४, १०.७ असे दशांशात गुण दिसतात आणि मोठ्या स्पर्धांची तयारी करणाऱ्या मुलांना त्याची सवय हवीच. हे म्हणतात सगळ्या लेनवर बसवू. माझं म्हणणं, मुलांच्या दोन लेनवर बसवू, जोड्यांचा रविवार कागदावरच राहू दे. छर्रा रेषेला टेकलाय की नाही हे गेज घालून बघताना चार डोकी एका कार्डावर वाकतात, काका म्हणतात नऊ, काकू म्हणतात दहा, आणि टेकला असेल तर वरचाच गुण धरायचा हा नियम मी वाचून दाखवते. शिवाय कार्ड छापतो आम्हीच.