आवाज न करणारं वाहन

पहाटेचा पहिला टप्पा पठारावरचा होता आणि रस्ता सतत खालीवर होत होता. रात्रभर आकाश निरभ्र, वारा पूर्ण पडलेला. अशा रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि ही जड हवा ओघळून सखल भागात साचते. त्यामुळे प्रत्येक चढाच्या माथ्यावर स्वच्छ उजेड आणि प्रत्येक उताराच्या तळाशी धुक्याचा थर. जिथे सायकल सर्वांत वेगात असते नेमकं तिथेच काही दिसत नाही. ताशी ३० किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त पुढे जाते. ५० मीटरवरचं दिसत असेल तर हाताशी सहा सेकंद असतात, आणि त्यातला एखादा तर डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूला कळण्यातच जातो. म्हणून वेग कमी करायचा तो धुक्यात शिरण्याआधी, आत शिरल्यावर नाही.

अशाच एका तळाशी हरणं आली. आधी गवतात काहीतरी मोडल्याचा आवाज, मग डावीकडून एक मादी निघाली आणि माझ्या मित्राच्या पुढच्या चाकासमोरून दोन झेपांत पलीकडे गेली. त्याने ब्रेक लावला, ती दिसेनाशी झाली आणि त्याने लगेच पुन्हा पेडलवर पाय ठेवला. मी मागून ओरडले, "थांब, अजून असतील!" असतातच. हरणं कळपाने फिरतात. पहिलं गेलं की मागच्यांना फक्त त्याच्यापर्यंत पोचायचं असतं. त्यांचं लक्ष आपल्याकडे नसतं, पुढे गेलेल्या सोबत्याकडे असतं. तिच्यामागून आणखी तीन गेली आणि बऱ्याच वेळाने एक पाडस. तो तसाच पुढे सरकला असता तर तिसरं नक्की त्याच्या अंगावर आलं असतं.

धुकं नसतानाही हे घडतं. २०११ साली दक्षिण आफ्रिकेत डोंगरी सायकलींच्या शर्यतीत हार्टेबीस्ट जातीचं एक धिप्पाड जनावर बाजूच्या माळावरून धावत आलं आणि त्याने एका स्पर्धकाला उडवलं. ते चित्रीकरण जगभर पाहिलं गेलं. स्पर्धक वाचला. ते पाहताना माझं लक्ष दर वेळी एकाच गोष्टीकडे जातं: माळ मोकळा आहे, लख्ख ऊन आहे, आणि तरी त्या माणसाला शेवटच्या क्षणापर्यंत काही कळलेलं नाही.

लांबच्या राइड्स करू लागल्यापासून मला सायकलची सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे तिची शांतता. मोटारीतून जाणाऱ्याला जे कधीच दिसत नाही ते आपल्याला दिसतं, कारण कोणी आपल्याला ऐकून पळालेलं नसतं. धोकाही याच शांततेत आहे. मोटार येते तेव्हा जनावराला लांबूनच चाहूल लागते आणि पळायचं की थांबायचं हे ठरवायला वेळ मिळतो. सायकल मात्र पाहता पाहता इतकी जवळ येते की त्याच्याकडे दोनच पर्याय उरतात, उधळणं किंवा अंगावर येणं. २०१६ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात, ग्लेशियर नॅशनल पार्कजवळ, वनखात्याचा एक अधिकारी सुट्टीच्या वेळी डोंगरी सायकल चालवत होता. झाडीतल्या आंधळ्या वळणावर तो थेट एका ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलाने त्याला ठार केलं. नंतर झालेल्या चौकशीत वेग, दाट झाडी आणि बिनआवाजी वाटचाल या गोष्टींवर बोट ठेवलं गेलं. अस्वल शिकारीला निघालेलं नव्हतं. ते दचकलं होतं.

तेव्हापासून मी झाडीतल्या प्रत्येक आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवते आणि मोठ्याने बोलते. पठार संपून जंगलाचा पट्टा सुरू झाला तेव्हा आम्ही दोघंही मुद्दाम गप्पा मारत, एकमेकांना हाका मारत चाललो होतो. शांततेसाठी आलेल्या माणसाला हे जिवावर येतं, मान्य आहे, पण वळण संपलं की शांतता परत मिळते. आणि इअरफोन तर अशा रस्त्यावर नकोतच. आपला आवाज त्यांना जावा तसा त्यांचा आपल्याला यायला हवा.

रानडुकरांच्या बाबतीत तो आला. ओढ्याकाठच्या झुडपात घुरघुर ऐकू आली, मग मादी रस्त्याच्या कडेला उभी आणि मागे पट्टेरी पिल्लांची रांग. आम्ही सायकलवरून उतरलो, सायकल मध्ये आडवी धरली आणि तोंड तिच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरकलो. पाठ फिरवून पेडल मारत सुटण्याची ऊर्मी फार प्रबळ असते. ती दाबावी लागते. पळणाऱ्या गोष्टीच्या मागे धावणं हे मोठ्या शिकारी जनावरांच्या अंगातच असतं, आणि थोड्या अंतरापुरतं तपकिरी अस्वल ताशी ५० किलोमीटरपर्यंत धावू शकतं. चढावर लादलेली सायकल घेऊन त्या वेगाशी स्पर्धा होत नाही. मादीने आम्हाला बराच वेळ न्याहाळलं आणि पिल्लांना घेऊन ती ओढ्यात उतरली. आम्ही त्यानंतरही थोडा वेळ उभे राहिलो. तिची वाट, तिची पिल्लं, घाई आपली.

जंगलातल्या मोठ्या जनावरांची भीती सगळ्यांना वाटते, मधमाश्यांची कोणाला वाटत नाही. मला त्यांचीच जास्त वाटते. माशी एकदा डसली की डंखासोबत एक रसायन हवेत सोडते, त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास असतो आणि तो बाकीच्या माश्यांना बोलावणं धाडतो. म्हणून अंगावर बसलेली माशी चिरडायची नाही. सपाट रस्त्यावर चांगल्या वेगाने सायकलवाला त्यांच्यापुढे निघू शकतो, चढावर नाही. कड्याला लागलेली पोळी दिसली की मी चढाच्या आधीच थांबून हेल्मेटच्या फटींवरून पातळ कापड बांधते, कारण केसांत अडकलेली एक माशी उतारावर तोल घालवायला पुरेशी असते. डंख लागलाच तर तो नखाने लगेच खरवडून काढायचा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं, कारण तुटलेला डंख विष सोडतच राहतो.

पक्ष्यांचंही असंच. माळावर टिटवीने उघड्या खडीत अंडी घातलेली असली की ती डोक्यावर झेपावते आणि गळा काढून ओरडते. चोचीने फारसं काही होत नाही. माणूस जातो तो चुकवण्याच्या धडपडीत. सप्टेंबर २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँगजवळ झेपावणाऱ्या मॅगपाय पक्ष्याला चुकवताना ७६ वर्षांचा एक सायकलस्वार मार्गावरून बाहेर जाऊन कुंपणाच्या खांबावर आदळला आणि त्यातच गेला. त्यामुळे डोक्यावर पंख फडफडले की मी मान खाली घालते, हँडल दोन्ही हातांनी सरळ धरते आणि त्या पक्ष्याच्या हद्दीतून शक्य तितक्या लवकर बाहेर पडते.

दुपार उन्हाची. त्याबद्दल थोडंच सांगते, कारण पाणी प्या हे सगळेच सांगतात. मीठही हवं, हे कमी सांगितलं जातं. तासन्‌तास घाम गाळत नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्याची सुरुवातीची लक्षणं, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. मग माणूस आणखी पाणी पितो. भर उन्हात अंगावर काटा आला किंवा सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला तर राइड तिथेच संपली असं समजायचं. सावलीत झोपवायचं, अंग भिजवायचं, वारा घालायचा, आणि तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी ऐकायचं नाही.

खरा कस लागला तो दुपारनंतर. समोरून वारा सुरू झाला. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. आपण ताशी २० ने जात असू आणि तेवढाच वारा समोरून असेल तर रोध चौपट होतो. पण समोरचा वारा फक्त थकवतो. बाजूचा वारा पाडतो. झाडांची रांग किंवा टेकाड संपतं तिथे तो एकदम आदळतो. त्याच्या विरुद्ध दिशेला कलून सायकल चालवत असताना मध्येच एखादा ट्रक आडोसा देऊन गेला की आपण त्याच्याकडेच ओढले जातो. २०१७ च्या मार्चमध्ये केप टाउनची प्रसिद्ध सायकल टूर वादळी वाऱ्यामुळे सुरू होता होताच रद्द करावी लागली. लोकांच्या हातातून सायकली उडत होत्या. हजारो तयार सायकलस्वारांना परत पाठवायला धाडस लागतं, आणि माझ्या मते आयोजकांनी घेतलेला तो फार चांगला निर्णय होता.

मग वारा अचानक फिरला आणि गार झाला. पावसाळी ढगातून खाली कोसळलेली थंड हवा ढगाच्या पुढे पसरते. तो झोत अंगाला लागला म्हणजे वादळ आपल्या दिशेने येत असण्याची शक्यता मोठी. क्षितिजावर वीज चमकली. मी मोजायला लागले. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज १० किलोमीटरच्या टप्प्यात आहे आणि लगेच आसरा गाठायला हवा. मित्र म्हणाला, "अगं, पाऊस अजून किती लांब आहे बघ." पाऊस लांब होता. वीज पावसाच्या पडद्यापासून कित्येक किलोमीटर बाहेर, डोक्यावर निळं आकाश असतानाही पडू शकते.

इथे एक गैरसमज मला मनापासून खोडून काढायचा आहे. सायकलचे रबरी टायर विजेपासून वाचवत नाहीत. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला बोटभर रबराचं काय! मोटारीत माणूस वाचतो तो टायरमुळे नाही, भोवतीच्या धातूच्या कवचातून वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते म्हणून. सायकलवर असं कवच नाही, आणि मोकळ्या माळावर सर्वांत उंच आपणच असतो. एकट्या झाडाखाली जाणं तर त्याहून वाईट; झाडावर पडलेली वीज बाजूला उडी घेते आणि जमिनीतूनही पसरते. चार खांबांवरचं छप्पर पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. आम्ही मागे वळलो. काही वेळापूर्वी एक पक्की, बंद इमारत ओलांडली होती, तिच्यात जाऊन बसलो. पुढे जायच्या दिशेला काहीच नव्हतं. आलेलं अंतर परत कापणं सायकलवाल्याला फार जड जातं, म्हणूनच मी रस्त्यात पक्कं छप्पर दिसलं की ते मनात नोंदवून ठेवते.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं असतं. तो अर्धा तास दोनदा पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागला.

निघालो तेव्हा रस्ता ओला आणि पुढे लांब उतार. बऱ्याच दिवसांच्या कोरड्यानंतर पडलेला पाऊस डांबरावरचं तेल आणि धूळ वर आणतो. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी जाळ्या तर ओल्या असताना पाय ठरू देत नाहीत. थंडीही तिथेच गाठते. १० अंश तापमानात ताशी ४० च्या वेगाने उतरताना उघड्या त्वचेला ६ अंशांसारखं जाणवतं, आणि अंग भिजलेलं असेल तर त्याहूनही कमी. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला हे कळत नाही. म्हणून वरच, अंगात ऊब असताना, कोरडा थर आणि हातमोजे चढवले.

उताराच्या तळाशी फरशी पुलावरून पाणी वाहत होतं. गढूळ, आणि दिसायला फार खोल नाही. मित्र काही बोलायच्या आत बांधावर उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याने हाक मारली, "ताई, नका जाऊ. वर अजून पडतोय, वाढणार पाणी." जोराने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. सायकल ढकलत जाणाऱ्याला ते दोन चाकांच्या आरांतूनही रेटतं, आणि खालची फरशी शाबूत आहे की वाहून गेली हे वरून दिसत नाही. आम्ही त्यांचं ऐकलं, त्यांच्याकडूनच दुसऱ्या रस्त्याची चौकशी केली आणि मोठा वळसा घेतला.

त्या वळशात अंधार पडला. पाऊस इकडे झालाच नव्हता आणि दिवसभर तापलेलं डांबर अजून उबदार होतं. अशा रस्त्यावर साप येऊन पडतात, ऊब घ्यायला. त्यांना बाहेरचे कान नसतात. जमिनीतली थरथर त्यांना उत्तम कळते, पण हलक्या सायकलची थरथर ती किती! दिव्याच्या झोतात काठी, दोरी, टायरचा तुकडा दिसला तरी मी तो साप समजूनच लांबून जाते. एक खरंच साप निघाला. मित्राने हात उंच करून खूण केली, आम्ही दोघं थांबलो आणि तो पूर्ण पलीकडे जाईपर्यंत दिवा त्याच्या पुढच्या जमिनीवर धरून ठेवला, मागून एखादी गाडी आली तर तिला दिसावा म्हणून. पाय उचलून वरून सायकल न्यायची कल्पना काही लोक सांगतात. ती चुकीची आहे. साप चाकात गुंडाळला जाऊ शकतो, आणि त्याचाही जीव जातो.

यानंतर मुक्कामाचं गाव गाठायचा हट्ट आम्ही सोडला आणि वाटेत मिळालेल्या जागी थांबलो. सकाळी निघण्याआधी ब्रेकचे पॅड काढून पाहिले, तर त्यांत ओल्या उताराची वाळू रुतलेली होती. टोकदार काडीने एकेक कण काढला, रिम पुसल्या, चेनला तेल दिलं. उरलेल्या टप्प्यात दोन मोठे उतार होते आणि आकाश पुन्हा निरभ्र होतं, म्हणजे तळाशी धुकं.